मुकी बोटं

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. “मिटा डोळे,” बायको म्हणाली आणि तिने सुई उचलली.

मिस्त्रीने डोळे मिटले. उजवा हात तिच्यापुढे टाकला, परक्याची वस्तू टाकावी तसा. कपाटाला काच बसवताना ती फुटून त्याच्या मनगटात घुसली होती. बोटांना स्पर्श कळवणारी नस तुटली होती; ती सर्जनबाईंनी सांधली. हात वाचला, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुकी झाली. रंधा मारून झाला की फळीवर शेवटचा हात मिस्त्रीच फिरवायचा, तोही न बघता. नजरेतून सुटलेली खरखर या बोटांना सापडायची. आता त्यांना फळी काय आणि बर्फाची लादी काय, सारखीच.

“नसेचं वरचं टोक जिवंत आहे, मिस्त्री,” सर्जनबाई म्हणाल्या होत्या. “ते जुन्याच वाटेने खाली वाढत येतं. महिन्याकाठी पेरभर. त्याला घाई चालत नाही.” मनगटापासून खाली टिचकी मारत जायची, जिथे मारल्यावर बोटांत मुंग्या येतील, तिथवर नस पोचली म्हणायची. ती जागा मनगट सोडून तळव्यात उतरली, बोटांच्या मुळाशी आली. पण शेंडे होते तसेच. रोज चहा झाला की बायको सुई टोचायची आणि मिस्त्री ‘नाही’ म्हणायचा. शेवटी त्याने हाय खाल्ली. हत्यारं भाच्याला द्यायची ठरवली; त्याच दिवशी दुपारी तो रंधे आणि पटाशा कायमच्या घेऊन जाणार होता.

“लागलं?” बायकोने विचारलं.

“लागलं.”

“कुठल्या बोटाला?”

“मधल्या.”

“थापा मारता? सुई अजून टेकवलीसुद्धा नाही मी!”

मिस्त्री ओशाळला. “रोज ‘नाही’ ऐकून तुझं तोंड उतरतं. म्हटलं, एक दिवस तरी...”

“माझ्या तोंडाचं मी बघेन. तुम्ही बोटांचं बघा.” आणि रागाच्या भरात तिने सुई खरोखरच खुपसली.

“आई गं! जीव घेतेस का?”

हात आपसूक मागे गेला होता. मधल्या बोटावर रक्ताचा बारीक थेंब उभा राहिला. दोघं त्याच्याकडे बघत बसली.

“ओरडा,” बायको म्हणाली. “अजून ओरडा.”

मिस्त्री बोट उलटसुलट करून पाहू लागला. केसाहून बारीक धागा, अंधारात, कुणालाही वाट न विचारता, मनगटापासून शेंड्यापर्यंत चालत आला होता. असलं बेमालूम काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

“आधी दुखणंच येतं,” सर्जनबाई नंतर हसून म्हणाल्या. “मऊ-खरखरीत मागून.” तेही आलं, सावकाश. भाचा त्या दुपारी रिकाम्या हाताने, पण मामीच्या हातचा चहा पिऊन परत गेला. मिस्त्री पुन्हा फळीला लागला.

थोरलीचा मुलगा शाळेत जाऊ लागला, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मिस्त्रीची बायको वारली. सकाळची वेळ होती. सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिचा डोळा लागला असंच समजत होते. नाडीवर मिस्त्रीची बोटं होती, त्यांना मात्र कळलं.