तालमीचं दूध

“कुणी कुणी हात उचलला? पुढं या!”

तात्याबा वस्ताद गरजला आणि तालमीतल्या जोर-बैठका जागच्या जागी थांबल्या. कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला सोजरबाई उभी होती. बाईमाणसानं तालमीत पाऊल टाकायचं नाही, हा वस्तादाचा कडक नियम. पण आज तिला अडवायची कुणाची छाती झाली नव्हती. तिच्या पदराला नवऱ्याचं, कोंडीबाचं, रक्त लागलेलं होतं. मिलच्या संपाचा तो बाविसावा दिवस. सकाळी गेटासमोर बसलेल्या कामगारांवर सात-आठ पोरं काठ्या घेऊन तुटून पडली, आणि ती याच तालमीतली होती, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

“डोकं फुटलंय त्यांचं. अजून सुदीवर न्हाईत,” ती म्हणाली. “तुमी पोरं सुधारताय म्हनं.”

तात्याबाला ते मिरचीसारखं झोंबलं. एके काळी तो संस्थानच्या पदरी पैलवान होता. पुढं गुडघा गेला, संस्थानही गेलं, तेव्हा सोलापुरात येऊन त्यानं ही तालीम धरली. बाजारात खिसे कापणारी, थेटराबाहेर काळ्या भावानं तिकिटं विकणारी, फौजदारानंही हात टेकलेली पोरं त्यानं मानगुटीला धरून आणली आणि मातीत घातली. तीन वर्षांत एकही पोरगं पुन्हा चौकीत गेलं नव्हतं. हे तो अख्ख्या पेठेत छाती काढून सांगायचा.

मल्लप्पा पुढं आला. एकोणीस वर्षांचा, वस्तादाचा सगळ्यात लाडका पठ्ठा.

“मी व्हतो,” तो म्हणाला. “कोंडीबाला मीच मारलं.”

वस्तादाची पाच बोटं त्याच्या गालावर उठली. मल्लप्पा हलला नाही. दुसरी थप्पड बसली, तरीही नाही. तात्याबाचं डोकं आणखीच फिरलं. त्यानं पोराची मान पकडली आणि त्याला दारापर्यंत फरफटत नेलं.

“हरामखोरा, बसलेल्या मानसाच्या डोक्यात काठी घालायला शिकवलं व्हय रं मी तुला? चालता हो! पुन्हा ह्या मातीला पाय लावलास तर तंगडं मोडून हातात देईन!”

आता मात्र मल्लप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. माराचं नव्हे. आपलं काय चुकलं तेच त्याला कळत नव्हतं.

“वस्ताद, तुमीच सांगत आलाय की. संस्थानात ज्याचं दूध पीत व्हता, त्याच्या शब्दावर तुमी जीव द्यायला तयार व्हता. पैलवानानं तसंच असावं म्हनून. आमी मिलमालकाचा शब्द पाळला.”

“मग? मिलमालकाचा हितं काय संबंध?”

“आपलं दूध त्याच्याच बंगल्यातल्या गोठ्यातनं येतंय की! मिलचा मुकादम काल म्हनला, तुमच्या वस्तादाला सगळं म्हाईत हाय.”

तात्याबाला काहीच माहीत नव्हतं. तीन वर्षं एक गडी सायकलवरून यायचा, कॅन ठेवायचा, वस्तादाच्या पाया पडून निघून जायचा. दूध कुणाचं, असं तात्याबानं त्याला एकदाही विचारलं नाही. पैलवानाला लोक दूध घालतातच, असं त्याच्या जन्मभर अंगवळणी पडलेलं. आपल्या नावाचा मान आहे, असं समजून तो खूश होता. आणि मालकानं मारकी गुरं पोसावीत तशी पोरं पोसली होती. वळण लावायला वस्ताद फुकटात मिळाला होता! त्याला मालकाचा संताप आला, मुकादमाचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचाच आला. संस्थानात असताना हुकूम झाला म्हणून त्यानंही चार माणसं बडवली होती. कशापायी, ते त्यानं तेव्हाही विचारलं नव्हतं.

“उद्या पुन्हा बोलावलंय का तुमाला?” त्यानं मल्लप्पाला विचारलं.

“व्हय. सकाळच्या भोंग्याला.”

सोजरबाई पुढं झाली. तिचा राग तसूभरही उतरला नव्हता.

“आता कुणाला हाकलता, वस्ताद?”

तात्याबानं मल्लप्पाची मान सोडली. त्याला आत ढकललं आणि स्वतः उंबरा ओलांडून बाहेर गेला.

“चला बाई,” तो म्हणाला. “कोंडीबा गेटाफुडं कुटं बसत व्हता, ती जागा दाखवा मला. उद्या तितं मी बसनार.”

दोन पावलं जाऊन तो वळला. सगळी पोरं दारात गोळा झाली होती.

“मल्ल्या, मालकाचं दूध प्यालास न्हवं? मग सकाळी ये, आनि पयली काठी माझ्या टाळक्यात घाल.”