कडेची माणसं

मधाच्या रंगाच्या त्या दगडी गावात शनिवारी एक नवरी चर्चच्या पायऱ्या उतरत नाही, तोच दुसरी चढायला लागते. आज डोरीनबाईंच्या थोरल्याचं लग्न होतं. घरच्यांच्या फोटोसाठी सगळे पायऱ्यांवर उभे राहू लागले, तशी बाईंनी फोटोग्राफर नीलला बाजूला घेतलं.

“धाकट्याची ती मैत्रीण, टॅमसिन, तिला अगदी उजव्या टोकाला उभी कर. पुतणीच्या लग्नाच्या फोटोत त्याची आधीची मैत्रीण मधोमध घुसली होती. पुढे दोघांचं फाटलं, पण ती बया अजून माझ्या दिवाणखान्यात दात काढून उभी आहे. टोकाला असली म्हणजे कात्री चालवता येते.”

“ते काय सांगायला हवं, मॅडम? आमचं रोजचंच आहे,” नील म्हणाला. “तुम्ही मात्र इकडे या, डाव्या टोकाला. तुमच्या हॅटमागे तीन माणसं झाकली जातायत.”

हॅटचं कौतुकच झालं असं समजून डोरीनबाई जांभळा तुरा डोलवत टोकाला गेल्या आणि ऐटीत उभ्या राहिल्या.

महिन्याभराने नव्या सुनेने, इमोजेनने, त्यांना चहाला बोलावलं. दिवाणखान्यात शिरताच समोर तोच फोटो, चांदीच्या चौकटीत.



उजव्या टोकाला टॅमसिन अख्खीच्या अख्खी हसत होती, आणि डावीकडे, चौकटीच्या अगदी काठाशी, जांभळा तुरा तेवढा उरला होता.