घट्ट वात

"आजी, हे काय आहे?" स्पीच थेरपीच्या बाई रोज चमचा, चावी, फूल दाखवायच्या. सासूबाई नुसत्या बघत राहायच्या. पक्षाघातानं त्यांचं बोलणंच नेलं होतं.

आज बाई गेल्यावर मी कापूस घेऊन सासूबाईंच्या पलंगाशी बसले. देवाच्या वाती संपल्या होत्या. लग्नापासून त्यांनी मला वातींना हात लावू दिला नव्हता. माझ्या प्रत्येक कामात खोट काढायच्या. मी आपली कापसाला करकचून पीळ देत होते.

"पिळू... नको गं," पलंगावरून आवाज आला. "हलक्या हातानं... वळ. तेल कसं चढेल?"

त्यांच्या कपाळावर तीच जुनी आठी होती.

मी डोळे पुसले, नवा कापूस घेतला आणि तो मुद्दाम आणखी घट्ट पिळला.