भरवशाचा मदरबोर्ड

गेम खेळायला त्यानं हौसेनं एकेक भाग जमवून जुळवलेला कॉम्प्युटर, घरून काम सुरू झालं तसा ऑफिसच्या दावणीला बांधला गेला, आणि त्याच्यासोबत तोही. साहेबांच्या लेखी ताप हे रजेचं कारणच नव्हतं. "अंथरुणातच आहेस ना? मग कीबोर्ड मांडीवर घे!" कॉम्प्युटर बंद पडला तरच सुटका. जुना मदरबोर्ड बिचारा महिन्यातून दोनदा मान टाकायचा आणि त्या दिवशी तो आठ वर्षांच्या लेकीला पोहायला घेऊन जायचा.

शेवटी साहेबच म्हणाले, "आपल्या ऑफिसच्या नेहमीच्या दुकानात जा आणि नवा मदरबोर्ड बसवून घे."

दुकानदारानं एक खोका पुढे सरकवला. "मधल्या किमतीत याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही. दिवसभर गेम खेळा, तापणार नाही. पाच वर्षांत एकदा जरी कुरकुरला, तर नाव बदलीन!"

त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. पाच वर्षांनी लेक तेरा वर्षांची होणार. तेव्हा ती कुठली बापाबरोबर पोहायला येतेय!

त्यानं खोका उलटसुलट करून पाहिला, मग आवाज खाली आणून विचारलं, "याच्यापेक्षा जरा कमी भरवशाचा दाखवता का?"

 

"घरून काम करणारे सगळे हेच मागतात हो," दुकानदार हसला. "म्हणून तर तुमच्या साहेबांनी सकाळीच याचे पैसे भरून टाकलेत."