गवतातली पायवाट

"माझ्या नकाशात नाक खुपसू नकोस म्हणून हजारदा सांगितलंय, दादा!" धाकटा कडाडला.

दोघे भाऊ मिळून कॉम्प्युटर गेम बनवत होते. दादा गवत, माती, पाणी अशा चित्रांचे छोटे चौकोन, म्हणजे टाइल, रंगवायचा; धाकटा प्रत्येक टाइलला आकडा देऊन त्या ओळीने मांडायचा आणि सरकता नकाशा तयार करायचा. कुरण सलग हिरवं हवं होतं. पण गेले चार दिवस त्यात पायवाट उमटत होती. पुसली की दुसऱ्या दिवशी आणखी लांब.

"तुडवलेल्या गवताची टाइल मी काढलेलीच नाही," दादा म्हणाला.

"मग काय शेजाऱ्यांनी येऊन काढली? चोर तो चोर, वर शिरजोर! उद्या स्पर्धेत गेम द्यायचाय!"

धाकट्याने रागारागाने नकाशा डावीकडे शेवटपर्यंत सरकवला. वाट थेट पडद्याच्या कडेला जाऊन संपली होती.

"आता पुढे कुठे गेली, तेही सांग की!"

"ओरडू नकोस," दादा ओठांतल्या ओठांत म्हणाला.

तो पडद्याकडे बघतच नव्हता. टेबलाच्या डावीकडून, नव्याकोऱ्या हिरव्या गालिच्यावर, दबलेल्या चौकोनांची एक रांग वळसा घेत आली होती. धाकट्याच्या खुर्चीमागे, दादाच्या डोळ्यांदेखत, आणखी एक चौकोन हळूच दबला.