तीन बोटं

स्पर्धेचा विषय आला ‘जबडा’, आणि नियम एकच: शब्द शंभर, एकही कमी नको, एकही जास्त नको. चार वेळा लिहून खोडली ही कथा. शब्द मोजायला बसले की लक्ष उडायचं, कारण समोर बाबा चहात पाव भिजवत बसलेले असायचे. नावं गाळली आहेत. बाकी काही गाळता आलं नाही.

परळच्या आमच्या मूर्तीच्या कारखान्यात देवीचा सिंह ओलाच होता आणि बाबांना त्याचं तोंड पटत नव्हतं. दातांच्या कॉलेजातून आल्याआल्या मी माझी अक्कल पाजळली. “गाय, माणूस जबडा आडवा फिरवतात, बाबा. सिंहाचा नुसता वरखाली होतो. जबडा अजून उघडा.” त्यांनी माती खरवडली. माझी अख्खी मूठ आत गेल्यावर ते हसले, पण ओठ मिटूनच. तेच खटकलं. मालवणी माणूस वर्षभर, कालवण तिखट लागतं म्हणून, दहीभात खातोय. खिशात सुपारीची पुडी. सकाळीच वर्गात शिकवलं होतं की सुपारीनं तोंड आखडत जातं. निरोगी तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावतात. “तीन बोटं घाला तोंडात.” “आधी सिंह होऊ दे गो.” “आत्ता.” त्यांनी मातकट बोटं लेंग्याला पुसून तोंडाशी नेली. एक आत गेलं. दोन ओठांवरच थांबली.