खिडकीतला पिवळा डाग

“सगळ्यांनी एकमेकांचं बघून काढलंय,” मास्तर म्हणाले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बक्षीसबिक्षीस काही नाही. चित्रं परत पाठव.”

सुनेने भांडी विसळता विसळता मान वळवली. “अहो बाबा, पोरं आस लावून बसलीत. साथीपायी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही त्यांनी.”

“म्हणून कॉपी खपवून घेऊ?”

स्पर्धेची कल्पना सुनेचीच. मधल्या अंगणाभोवती चार इमारती, त्यांत अडकून पडलेली मुलं, त्यांच्यासाठी जलरंगांची स्पर्धा. विषय, ‘माझ्या खिडकीतून’. परीक्षक म्हणून सासऱ्यांना तिने न विचारताच घोड्यावर बसवलं होतं.

मास्तरांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आले आणि लगेचच सगळं बंद झालं. खाली उतरणं नाही, कुणाची ओळख नाही. “इथे मला कुत्रंसुद्धा ओळखत नाही,” असं रोज सकाळी म्हणत ते चहाचा कप घेऊन खिडकीतल्या खुर्चीत बसत, ते ऊन उतरेपर्यंत हलत नसत. अंगात मुलाने आणलेला स्वेटर. फार भडक आहे म्हणून आधी नाक मुरडलं होतं, आता धुवायलाही देत नव्हते.

चित्रांचा गठ्ठा आला तेव्हा मात्र गडी खुलला. कुणी पाण्याची टाकी काढली होती, कुणी वाळत घातलेली चादर. कुणाचा कागद जरा जास्तच ओला राहिल्याने सगळं आभाळ गच्चीवर सांडलं होतं. मास्तर गालातल्या गालात हसत होते.

मग तो डाग दिसला. एका खिडकीत पिवळा ठिपका. पुढच्या चित्रात तोच, त्याच्या पुढच्यातही तोच. मजला कुणी दुसरा काढलेला, कुणी पाचवा, पण पिवळा तोच, किंचित तांबूस मिसळलेला. मास्तरांनी खिडकीशी जाऊन समोरच्या तिन्ही इमारती न्याहाळल्या. पिवळं म्हणून काही नव्हतं. फक्त त्यांच्या स्वतःच्या इमारतीतल्या मुलांच्या चित्रांत डाग नव्हता.

“आपली पोरं तेवढी प्रामाणिक,” ते म्हणाले. “बाकी सगळा आनंदीआनंद.”

खरं तर त्यांना रागापेक्षा वाईटच वाटलं होतं. जे दिसतं ते काढा, एवढं एकच त्यांनी आयुष्यभर मुलांना सांगितलं होतं.

“निदान एकाला विचारा तरी,” सून म्हणाली. “फाशी देतानासुद्धा विचारतात.”

मास्तरांनी सगळ्यात मोठा डाग असलेलं चित्र उचललं. मागे इमारत आणि घरचा फोन नंबर लिहिलेला होता. सुनेचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. तिथेच उभं राहून त्यांनी तो नंबर लावला आणि चित्र काढणाऱ्या मुलीला फोनवर बोलावून घेतलं.

“बाळ, मी स्पर्धेचा परीक्षक बोलतोय. तो पिवळा डाग कुणाचा बघून काढलास?”

“कुणाचाच नाही.” आवाज एवढासा झाला. “आणि तो डाग नाहीये.”

“मग काय आहे?”

“लांब आहे ना, म्हणून नीट नाही जमलं.” नाक ओढल्याचा आवाज आला. “मी उठल्याउठल्या आधी तेच बघते. माझ्या मैत्रिणीपण बघतात. दिसलं की बरं वाटतं.”

मास्तर जरा नरमले. “आत्ता दिसतंय?”

“थांबा हं.” पावलं धावली. “नाही. मघाशी होतं.”

“मघाशी होतं, आणि मी विचारल्यावर नेमकं गेलं?”

“खरंच होतं, सर. आईशप्पथ!”

“थांब. मीच बघतो.” मास्तरांनी फोनची वायर उपसली, तरातरा खिडकीशी आले आणि पडदा सारला. समोर तीन इमारती, जशाच्या तशा राखाडी. “कुठेय तुझं पिवळं? मला तर काहीच—”

“आले!” ती इतक्या जोरात ओरडली की त्यांनी फोन कानापासून लांब धरला, मग पुन्हा घाईघाईने जवळ नेला. “आले, सर! आमचे पिवळे आजोबा आले! आज कुणाशीतरी फोनवर बोलतायत.”